संबंधाचे शब्द आणि सत्याची साक्ष

इंग्रजी शिकणाऱ्याची खरी कसोटी मोठमोठ्या शब्दांपाशी लागत नाही. ते शब्दकोशात सापडतात, प्रयत्नाने पाठही होतात. तारांबळ उडते ती लहानसहान शब्दांपाशी. ‘कनेक्टेड टू’ म्हणावे की ‘कनेक्टेड विथ’? ‘रिलेटेड टू’ आणि ‘असोसिएटेड विथ’ यांत फरक तो काय? ‘लिंक्ड टू’ कोठे शोभते आणि ‘ड्यू टू’ कोठे? आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले आज इंग्रजी माध्यमातून शिकतात आणि असले प्रश्न घरी घेऊन येतात. बहुधा त्यांना उत्तर मिळते, ‘काहीही लिही, अर्थ एकच.’ मराठीत ‘संबंधित’ या एका शब्दावर आपण या साऱ्यांची बोळवण करतो, त्यामुळे हे उत्तर आपल्यालाही सोयीचे वाटते.

व्याकरणापुरते पाहिले तर या उत्तरात थोडेफार तथ्य आहे. तार खांबाला जोडलेली असेल तर ‘टू’, मनुष्य एखाद्या संस्थेशी निगडित असेल तर ‘विथ’, असा ढोबळ संकेत सांगता येतो, आणि तो मोडला तरी फारसे बिघडत नाही. परंतु प्रश्न येथे संपत नाही. दोन गोष्टींमध्ये नाते आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते नाते किती घट्ट आहे, हेही आपण नकळत सांगून टाकत असतो. ठाऊक असलेल्याहून अधिक घट्ट नाते सांगणे हे जसे असत्य, तसेच ठाऊक असलेल्याहून सैल नाते सांगणे हेही असत्यच. खोटी साक्ष या दोन्ही वाटांनी देता येते. या लेखात आम्हांला एवढेच मांडावयाचे आहे. ते व्याकरणाच्या अंगाने नव्हे, तर सदसद्विवेकाच्या अंगाने.

प्रथम या शब्दांची कुळे पाहू. ‘असोसिएट’ या शब्दाच्या पोटात लॅटिनमधील ‘सोशियस’ आहे. त्याचा अर्थ सोबती. ‘कनेक्ट’मध्ये बांधण्याची क्रिया आहे. ‘लिंक’ म्हणजे साखळीची कडी. ‘विथ’ या चिमुकल्या शब्दाची कथा तर गमतीची आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा प्रमुख अर्थ होता ‘विरुद्ध’. ‘विथस्टँड’ म्हणजे विरोधात तग धरून उभे राहणे, या शब्दात तो अर्थ अजून शिल्लक आहे. सोबत असणे, बांधलेले असणे, कडीत कडी अडकलेली असणे, असे निरनिराळे भाव हे शब्द सुचवितात. पण यांपैकी एकही शब्द ‘याच्यापासून ते झाले’ असे म्हणत नाही. ते म्हणण्यासाठी इंग्रजीला ‘कॉज’ हा वेगळा शब्द घ्यावा लागतो.

मराठीत हा भेद आपण दोन प्रत्ययांनी दाखवितो. एक ‘-शी’ आणि दुसरा ‘-मुळे’. ‘आजार धुराशी संबंधित आहे’ हे एक विधान. ‘आजार धुरामुळे झाला’ हे दुसरे. ‘-मुळे’ हे ‘मूळ’ या शब्दावरूनच आले आहे. शेजारी शेजारी उभी असलेली दोन झाडे वाऱ्याने एकाच वेळी डोलतात. म्हणून एक दुसऱ्याचे मूळ ठरत नाही. ‘-शी’पासून ‘-मुळे’पर्यंत जाण्यासाठी जमीन उकरून पाहावी लागते.

इंग्रजीत या दोन टोकांच्या मध्ये एक अख्खा जिना आहे. सर्वांत खालच्या पायरीवर ‘इन रिलेशन टू’. म्हणजे अमुक गोष्टीच्या संदर्भात आम्ही तमुक गोष्ट तपासली, एवढेच. त्याच्या वर ‘असोसिएटेड विथ’. दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात. मग ‘लिंक्ड टू’. काही धागा असावा. त्यानंतर ‘कॉन्ट्रिब्यूट्स टू’. एकीचा दुसरीला हातभार लागतो. आणि सर्वांत वर ‘कॉझेस’. हिच्यामुळे ती होते. बोलताना आपण या पायऱ्या उड्या मारीत चढतो आणि उतरतो. मात्र जेथे माणसांचे जीव गुंतलेले असतात तेथे एका पायरीचे मोल किती, हे विसाव्या शतकातील एका इतिहासावरून कळून येते. तो इतिहास सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू झपाट्याने वाढले होते. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. रिचर्ड डॉल हे तरुण डॉक्टर आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे संख्याशास्त्रज्ञ या कामाला लागले. डॉल यांचा आरंभीचा संशय सिगारेटवर नव्हताच. मोटारींचा धूर किंवा रस्त्यांवर ओतले जाणारे डांबर यांकडे त्यांचे लक्ष होते. लंडनमधील वीस रुग्णालयांत त्यांनी कर्करोगाच्या ७०९ रुग्णांची आणि तितक्याच अन्य रुग्णांची चौकशी केली. सप्टेंबर १९५० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा अहवाल आला. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत कधीही धूम्रपान न केलेले अवघे दोन होते. अन्य आजारांच्या ६४९ पुरुषांत असे सत्तावीस होते. डॉल यांनी स्वतः या काळात सिगारेट सोडली.

आता त्यांची भाषा पाहण्यासारखी आहे. आकडे हाती आले म्हणून त्यांनी एकदम ‘सिगारेटमुळे कर्करोग होतो’ अशी दवंडी पिटली नाही. आधी त्यांनी ‘असोसिएशन’ म्हणजे साहचर्य एवढेच म्हटले. मग हे साहचर्य अन्य कशामुळे भासत असेल काय, याच्या एकेक शक्यता तपासल्या. आणि शेवटी, हा रोग उद्भवण्यात धूम्रपान हा एक घटक, किंबहुना महत्त्वाचा घटक आहे, असा निष्कर्ष दिला. ‘एक घटक’ आणि ‘कारण’ यांमधली पायरी त्यांनी त्या दिवशी मोकळी ठेवली.

कारण त्यांना आपल्या पद्धतीतील उणीव दिसत होती. आजारी माणसाला त्याच्या भूतकाळाविषयी विचारले की त्याच्या आठवणीला आजाराचा रंग चढतो. म्हणून त्यांनी उलट्या दिशेने जाण्याचे ठरविले. ऑक्टोबर १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे पाठवून त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी विचारल्या आणि पुढे कोण कशाने मरण पावतो याची नोंद ठेवली. या पाहणीत ३४,४३९ पुरुष डॉक्टर होते. १९५४ साली पहिला वृत्तान्त प्रसिद्ध झाला, त्याच्या मथळ्यात शब्द होते, ‘इन रिलेशन टू’. डॉक्टरांची मृत्युसंख्या, त्यांच्या धूम्रपानाच्या सवयींच्या संदर्भात. जिन्याची सर्वांत खालची पायरी!

पुढल्याच वर्षी, म्हणजे १९५५ मध्ये, त्याच नियतकालिकात आपल्या मुंबईतून गेलेला एक निबंध छापून आला. संघवी, राव आणि खानोलकर या तीन संशोधकांनी तो लिहिला होता. विषय होता विडी-सिगारेट ओढणे व तंबाखू चघळणे आणि मुखापासून अन्ननलिकेपर्यंतच्या मार्गाचा कर्करोग. तंबाखूची पुडी ज्यांच्या कनवटीला सदैव असते अशा आपल्या माणसांचा तो प्रश्न होता. आणि त्या निबंधाच्या मथळ्यातही तेच शब्द होते, ‘इन रिलेशन टू’. ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे सर्वांत अधिक होते त्यांनीच सर्वांत संयमी शब्द निवडावा, यात आम्हांला भित्रेपणा दिसत नाही. पुरावा जेथवर नेतो तेथवरच जायचे, ही ती शिस्त होती.

परंतु संयमी शब्दाचा आडोसा इतरांनाही घेता येतो. रोनाल्ड फिशर हे त्या काळचे संख्याशास्त्रातील सर्वश्रेष्ठ नाव. १९५७–५८ मध्ये त्यांनी या निष्कर्षांवर जोरदार हल्ला चढविला. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा तत्त्वतः निर्दोष होता. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती या दोन्ही एकाच आनुवंशिक घडणीतून येत असतील, असे त्यांनी सुचविले. फिशर स्वतः पाइप ओढीत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे ते सल्लागार होते, हे खरे. पण तेवढ्यावरून त्यांचा युक्तिवाद खोटा ठरत नाही. युक्तिवादाला उत्तर युक्तिवादानेच द्यावयाचे असते. ते उत्तर १९५९ मध्ये अमेरिकेतील जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांचे सहकारी यांनी दिले. सिगारेट ओढणाऱ्यांना हा कर्करोग होण्याचा धोका नऊपट असेल आणि त्याचे खरे कारण एखादा छुपा गुण असेल, तर तो गुण सिगारेट न ओढणाऱ्यांपेक्षा ओढणाऱ्यांमध्ये निदान नऊपट आढळला पाहिजे. असा गुण कोणाला दाखविता आला नाही. प्रामाणिक शंकेचा हा मोठा उपयोग आहे. तिला उत्तर देता देता सत्य अधिक भक्कम होते.

अप्रामाणिक शंका मात्र निराळी. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर निवेदन छापले. सिगारेट हे कर्करोगाचे एक कारण असल्याचा पुरावा नाही, आकडेवारी तर आधुनिक जीवनातील इतर कितीतरी गोष्टींनाही लागू करता येईल, असा त्याचा आशय होता. शास्त्रज्ञ ज्या काळजीने ‘साहचर्य’ म्हणत होते, तीच काळजी येथे पांघरुणासारखी वापरण्यात आली. नंतर उघडकीस आलेल्या कागदपत्रांत १९६९ सालचे एका कंपनीचे अंतर्गत टिपण आहे; त्यात शंका हाच आपला विकाऊ माल आहे, असे स्वच्छ मान्य केलेले आहे. २००६ साली अमेरिकेच्या एका संघीय न्यायालयाने या कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केली, असा निर्णय दिला. ‘सिद्ध झालेले नाही’ हे तीन शब्द एखाद्याच्या तोंडी नम्रता असतात आणि दुसऱ्याच्या तोंडी लबाडी. शब्द तेच. फरक असतो तो बोलणाऱ्याला काय ठाऊक आहे, यात.

म्हणूनच १९६४ साल आम्हांला महत्त्वाचे वाटते. अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी नेमलेल्या दहा तज्ज्ञांच्या समितीने सात हजारांहून अधिक लेख तपासले. या समितीच्या बैठकांत वैद्यकाइतकीच शब्दांचीही चर्चा झाली. ‘कारण’ म्हणजे नेमके काय? ‘घटक’ म्हणावे, ‘निर्णायक’ म्हणावे की ‘कारण’? असे खल झाल्यावर समितीने ठरविले की, लोक ज्या शब्दाने हा विषय समजून घेतात तो शब्द ‘कॉज’ हाच आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. ११ जानेवारी १९६४ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात म्हटले होते की पुरुषांमध्ये सिगारेट फुप्फुसाच्या कर्करोगाशी ‘कॉझली रिलेटेड’ आहे, म्हणजे हे नाते कार्यकारणाचे आहे. ‘पुरुषांमध्ये’ हा शब्दही जाणूनबुजून घातला होता. स्त्रियांविषयीचा पुरावा तोवर कमी होता. तो त्याच दिशेने बोट दाखवितो, एवढेच समितीने नमूद केले. एकाच वाक्यसमूहात एका ठिकाणी ठामपणा आणि दुसऱ्या ठिकाणी संयम. दोन्हींचा उगम एकच, पुराव्याशी इमान.

पुढील वर्षी, जानेवारी १९६५ मध्ये, ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये भाषण दिले. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता, साहचर्य की कारण? ‘-शी’पासून ‘-मुळे’पर्यंत केव्हा जावे हे ठरविताना पाहावयाच्या नऊ बाजू त्यांनी मांडल्या. संबंध किती ठळक आहे? निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या संशोधकांना तो पुन्हा आढळतो काय? कारण आधी आणि परिणाम नंतर, असा क्रम आहे काय? मात्रा वाढली की परिणाम वाढतो काय? कारण दूर केले की परिणाम घटतो काय? यांपैकी कोणतीही एक कसोटी अटळ पुरावा नव्हे, हेही त्यांनी सांगितले. शेवटी त्यांनी बजावले ते सर्वांत मोलाचे. मानवी ज्ञान सदैव अपुरे असते. पण म्हणून हाती आलेल्या ज्ञानाकडे पाठ फिरविण्याची किंवा कृती पुढे ढकलण्याची मुभा आपल्याला मिळत नाही. गर्भवतीला देण्याच्या एखाद्या औषधाविषयी थोडासा संशय आला तरी ते थांबवावे; लोकांच्या आवडीची वस्तू सोडावयास लावायची तर पुरावा फार भक्कम हवा. म्हणजे शब्द निवडताना पुराव्याइतकेच, चूक झाली तर तिची किंमत कोण भरणार, हेही पाहावे लागते.

डॉक्टरांच्या पाहणीचा पन्नास वर्षांचा वृत्तान्त २००४ मध्ये आला. तोवर काही शंका उरली नव्हती. सतत सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटते आणि तिशीत सोडली तर बहुतेक सारे नुकसान टळते, हे त्यातून दिसले. तरीही मथळ्यात ‘इन रिलेशन टू’ हेच शब्द कायम होते! भारतातील पाकिटांवरची भाषा याच्या उलट क्रमाने कणखर होत गेली. १९७५ च्या कायद्याने सिगारेट आरोग्यास ‘अपायकारक’ असल्याचा मोघम इशारा आला; २००९ पासून चित्रे आली; २०१८ मध्ये तंबाखूमुळे वेदनादायक मृत्यू येतो, असे स्पष्ट छापले गेले. संशोधकाचा मथळा शांत राहू शकतो. पण पानपट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला ‘संबंधित’ म्हणून भागत नाही. त्याला ‘-मुळे’ असेच सांगितले पाहिजे.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की, जोरकस शब्द वापरणे हाच सदाचार. तसे नाही. दुसरी बाजूही तितकीच दाहक आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांचे सहकारी यांचा एक निबंध आला. गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस टोचल्यानंतर काही मुलांमध्ये स्वमग्नतेची लक्षणे दिसली, असे त्यात सुचविले होते. मुले होती अवघी बारा. लस आणि हा विकार यांतील साहचर्यदेखील आम्ही सिद्ध केलेले नाही, असे त्या निबंधातच लिहिलेले होते. परंतु पत्रकार परिषदेत या लसीविषयी शंका उपस्थित केली गेली, आणि वृत्तपत्रांनी ‘लिंक’ हा सुटसुटीत शब्द उचलला. मथळ्यात तो छान बसतो. काही सिद्ध केल्याचा दावा करीत नाही, आणि वाचणाऱ्या आईच्या मनात मात्र सारे सिद्ध करून टाकतो.

ही लस मुलांना साधारणतः वयाच्या दुसऱ्या वर्षी टोचली जाते, आणि स्वमग्नतेची लक्षणेही बहुधा त्याच सुमारास आईबापांच्या ध्यानात येतात. दोन घटना पंचांगात शेजारी आल्या. नाते कालाचे होते, कारणाचे नव्हे. पाच लाख सदतीस हजारांवर मुलांच्या नोंदी तपासणारी डेन्मार्कमधील पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत या विकाराचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला आणि वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. पण दरम्यान इंग्लंडमध्ये लसीकरणाचे प्रमाण नव्वद टक्क्यांवरून सुमारे ऐंशीवर उतरले होते. २०१२–१३ मध्ये वेल्समधील स्वान्सी परिसरात गोवराची मोठी साथ आली. बाराशेवर रुग्ण झाले. ज्या आईबापांनी लस नाकारली ते दुष्ट नव्हते. त्यांनी एका शब्दावर विश्वास ठेवला होता.

सिगारेटच्या बाबतीत शब्द जाणूनबुजून सैल ठेवला गेला. लसीच्या बाबतीत तो अकारण घट्ट केला गेला. दोन्हीकडे माणसे दगावली किंवा आजारी पडली. म्हणून आमच्या मते सुरक्षित असा कोणताही एक शब्द नाही. ‘मी तर फक्त संबंध आहे असे म्हटले’ ही सबब प्रत्येक वेळी चालणार नाही. ‘मी तर स्पष्टवक्ता आहे’ हीसुद्धा नाही.

हीच गोष्ट रोगाऐवजी माणसाविषयी बोलताना अधिक बोचते. इंग्रजी वृत्तपत्रांत एखाद्याला गुन्ह्याच्या ‘इन कनेक्शन विथ’ अटक झाली असे लिहितात. ‘अरेस्टेड फॉर’ असे लिहिले तर गुन्हा त्यानेच केला असे गृहीत धरल्यासारखे होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनसंहितेत असा प्रयोग टाळण्याची सूचना आहे. न्यायालयाने निवाडा देईपर्यंत माणूस आणि गुन्हा यांच्यामध्ये ‘-शी’ असावे, ‘-मुळे’ नसावे, हा न्याय त्या एका शब्दप्रयोगात सामावलेला आहे. आपल्या ओट्यावरच्या गप्पांत मात्र हा न्याय फार वेळ टिकत नाही. सकाळी ‘त्याला चौकशीला बोलावले’ असते. दुपारी ‘त्यात त्याचा हात आहे’ होते. तिन्हीसांजेला ‘त्याच्यामुळेच झाले सारे’ येथवर मजल जाते. कोणीही एक मोठे खोटे बोललेला नसतो. प्रत्येकाने एकेक पायरी चढविलेली असते.

योहानच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध मनुष्य भेटतो. शिष्यांना त्याच्या वेदनेहून तिच्या कारणाची उत्सुकता अधिक आहे. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? आंधळेपण आणि पाप यांचा संबंध त्यांनी गृहीतच धरला आहे. प्रश्न उरला आहे तो केवळ कोणामुळे, एवढाच. प्रभू येशू या दोन्ही पर्यायांना नकार देतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो. आज आपल्या घरांत अपंग मूल जन्मले, विवाहानंतर लगेच घरात मृत्यू घडला, धंदा बुडाला, की शेजारी आणि नातलग त्याच शिष्यांचा प्रश्न विचारतात. नवी सून आल्यामुळे, आईच्या हयगयीमुळे, कोणाच्या तरी नजरेमुळे. ज्या सुनेचा पायगुण काढला गेला तिला विचारा, ‘-मुळे’ या प्रत्ययाला किती धार असते ती.

तेव्हा मुलांनी इंग्रजीतील हे शब्दप्रयोग आपल्यासमोर आणले, तर ‘अर्थ एकच’ म्हणून त्यांना वाटेला लावू नये, अशी आमची सुज्ञ वाचकांना विनंती आहे. त्यांना दोन प्रश्न विचारावयास शिकवावे. पहिला, हे आपल्याला कसे कळले? केवळ दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून, की कोणी उकरून पाहिले म्हणून? दुसरा, हा शब्द चुकला तर त्याचा भार कोणावर पडेल? वृत्तपत्रातील ‘लिंक्ड टू’चे मराठी करताना ‘-मुळे’ लिहिण्याचा मोह होतो, तेव्हा हे दोन प्रश्न उपयोगी पडतील. आणि ज्या वेळी पुरावा स्पष्ट आहे, घरातला माणूस रोज तंबाखू मळतो आहे आणि त्याच्या तोंडातला पांढरा चट्टा महिनाभर बरा होत नाही, त्या वेळी ‘काहीतरी संबंध असेल’ असे पुटपुटत बसू नये. त्याला स्पष्ट सांगावे, आणि त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्यावे.